राजूरचा चुना आणि भेग बुजवणारं सिमेंट

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातलं राजूर कोळशाइतकंच चुनाभट्ट्यांचंही गाव. इथला चुनखडक दख्खनच्या काळ्या पाषाणाहून कितीतरी जुना. त्याच भागातल्या चुनखडकावर झरी जामणीतल्या मुकुटबनला सिमेंट बनतं. बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीचा ३९ लाख टन क्षमतेचा कारखाना तिथे २०२२ मध्ये सुरू झाला.

भट्टीत ९०० अंशांच्या आसपास चुनखडकातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्याचा खडा पाण्यात टाका. आधी चरचरतो, मग फुगतो, पाण्याला उकळी आणतो आणि फुटून त्याची पांढरीशुभ्र फक्की होते. भिंतीत गेलेला हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषून हळूहळू पुन्हा दगड होतो. मधल्या काळात भिंतीला बारीक चीर गेली आणि पाणी झिरपलं, तर उरलेला चुना विरघळून चिरेत उतरतो, तिथेच घट्ट होतो. जुन्या वाड्यांच्या घाणीत दळलेल्या चुन्याचं टिकाऊपण त्यात घातलेल्या गूळ-हिरड्याच्या पाण्याच्या नावावर जमा होतं. माझ्या मते त्यातला मोठा वाटा या गुणाचा आहे.

रोमन काँक्रीटमधल्या पांढऱ्या गाठी अशाच उरलेल्या चुन्याच्या. ढिसाळ कालवणीची खूण म्हणून त्या दुर्लक्षिल्या गेल्या होत्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या एमआयटीच्या आदमिर माशिच यांच्या गटाने कळीचा चुना घालून तसं काँक्रीट केलं, त्याला चीर पाडली आणि त्यातून पाणी सोडलं. दोन आठवड्यांत पाणी थांबलं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला हेंक योंकर्स यांनी हेच काम जिवाणूंकडून करून घेतलं: त्यांचे बीजाणू आणि खाद्य काँक्रीटमध्ये सुप्त ठेवायचे, चिरेतून पाणी पोचलं की जिवाणू जागे होऊन चुनखडी तयार करतात.

साध्या सिमेंटलाही थोडी ही सवय असते, पण केसाएवढ्या चिरेपुरतीच. चीर रुंदावली की पाणी सळईपर्यंत जातं, सळई गंजून फुगते आणि स्लॅबचे पापुद्रे सुटतात. पाण्याच्या टाक्या, कालव्यांची अस्तरं, पुलांचे स्लॅब यांना अशा चीर बुजवणाऱ्या काँक्रीटची खरी गरज आहे. यवतमाळच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात जमीन आकसून घराला जी बोटभर भेग जाते, ती मात्र कुठलाही जिवाणू बुजवणार नाही. तिथे पायाच मुरमापर्यंत न्यावा लागतो.

आणि चुन्याच्या जुन्या भिंतीची डागडुजी करायची असेल, तर वर सिमेंटचा गिलावा चढवू नका. ओल आत कोंडते आणि भिंत पोखरते. राजूरची कळी आणा, नीट विरवा, मुरू द्या, गाठी गाळून घ्या. रोमन काँक्रीटमध्ये गाठी कामाच्या ठरल्या, पण गिलाव्यात कच्ची गाठ राहिली तर तिथेच फोड येऊन उडते.