सज्ञान इसम

पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत हरवलेल्या माणसाचे जे वर्णन उतरते त्याची भाषा ठरलेली असते: रंग सावळा, बांधा मध्यम, चेहरा उभट, अंगात निळा शर्ट, नेसणीस काळी पँट. सातारा जिल्ह्यातील एका शेतकरी कुटुंबाचा थोरला मुलगा नोकरीनिमित्त मुंबईस गेला, तेथे मनोविकाराने ग्रासला आणि एके सकाळी खोलीवरून निघून गेला तो परतलाच नाही. त्याच्या वडिलांसमवेत हिंडताना हे वर्णन किती अल्पायुषी असते ते मला उमगले. कपडे महिन्याभरात निरर्थक होतात, दाढी चेहरा झाकून टाकते, उपासाने बांधा मोडतो. म्हणून त्या वृद्ध गृहस्थांनी आपल्या अर्जांतून हे सारे क्रमाक्रमाने गाळले आणि वाकडे जुळलेले डावे मनगट व पुढचा अर्धा तुटलेला दात, एवढ्याच खुणा ठेवल्या.

अज्ञान मूल हरवले तर अपहरण झाल्याचे गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली फर्मावले. सज्ञान पुरुष मात्र स्वखुषीने गेला असेल, असे धरून चालतात. निघून जाण्याचे त्याचे स्वातंत्र्य मलाही मान्य आहे. परंतु ज्याचे चित्तच थाऱ्यावर नाही त्याची खुषी कोणती, हे कोणी विचारीत नाही. उलट बाजूने, भटकणारा मनोरुग्ण आढळल्यास त्याची खबर नोंदवून कुटुंबाचा शोध घेणे हे ठाणेदाराचे कर्तव्य असल्याचे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. म्हणजे हरवल्याची नोंद एका ठाण्यात आणि सापडल्याची दुसऱ्या, कदाचित दुसऱ्या प्रांतातल्या. आणि या दोहोंमधील अंतर एका म्हाताऱ्याने पायी तोडायचे.

सर्वांत कठीण काम लोहमार्ग पोलिसांकडचे. "काका, आधी पाणी घ्या," असे म्हणून हवालदाराने बेवारस प्रेतांची छायाचित्रे पुढे ठेवली. रुळांवरच्या मृत्यूत चेहऱ्याची शाश्वती नसते, हे ठाऊक झालेले वडील प्रत्येक चित्रात मनगट शोधीत. आपला नव्हे अशी खातरजमा झाली की चेहऱ्यावर क्षणभर सुटकेची छटा येई, आणि लगोलग ते विचारीत, "या पोराचं कोणी आलं का, हो?"

१८७२ च्या पुरावा कायद्यातील १०८ वे कलम, जे नव्या साक्ष्य अधिनियमातही कायम आहे, असे सांगते की ज्यांना वार्ता कळणे स्वाभाविक होते त्यांनाच सात वर्षे ती कळली नाही, तर तो मनुष्य जिवंत असल्याचे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. सातबाऱ्यावर मुलाचे नाव असल्याने वकिलांनी दाव्याची तजवीज सुचवली. त्यासाठी लागणारा पुरावा कोणता, तर अर्जांच्या स्थळप्रती, पोचपावत्या, रुग्णालयांची उत्तरे: मुलगा सापडावा म्हणून जपलेले तेच दप्तर. आईने ते वकिलांकडे जाऊ दिले नाही, आणि माझ्या मते तिने योग्य केले.

कारण असे लोक परतल्याची उदाहरणे आहेत. रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचविण्याच्या कार्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कर्जतच्या त्यांच्या केंद्रातून निरनिराळ्या प्रांतांतील माणसे आपापल्या गावी गेली आहेत. औषधाने मन निवळले की रुग्ण गावाचा काही ठाव सांगू लागतो. म्हणून एका मनोरुग्णालयातील समाजसेविकेने छायाचित्र बाजूला ठेवून वडिलांना वेगळेच प्रश्न विचारले: ग्रामदैवत कोणते, बाजार कोणत्या वारी, एस.टी. कुठल्या फाट्यावर थांबते, घरच्या बैलांची नावे काय. ते सांगत गेले, ती लिहीत गेली. मग आम्ही पुरुष विभागाच्या नोंदी पाहण्यास आत गेलो.