पीएच.डी.नंतर – लेखांक ६ : पचनसंस्थेचा कर्करोग आणि पोस्टडॉकची वाट

पित्ताशयाचा कर्करोग अमेरिकेत किंवा पश्चिम युरोपात दुर्मीळ आहे. आपल्याकडे गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत, बिहारपासून आसामपर्यंत, तो दुर्मीळ नाही. तिथल्या बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा जास्त दिसतो. पित्तखड्यांचा त्रास समजून वर्षानुवर्षे अंगावर काढलेले दुखणे तपासायला येते तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो. जो आजार श्रीमंत देशांत कमी, त्याच्यावरचे संशोधनही कमी. पित्ताशयाच्या कर्करोगाच्या पेशीरेषा थोड्या, उंदरांवरची प्रारूपे थोडी, आणि खास त्याच्यासाठी शोधलेली औषधे त्याहून थोडी.

या लेखात पचनसंस्थेच्या कर्करोगातल्या पोस्टडॉक संधींबद्दल लिहायचे आहे. पित्ताशयापासून सुरुवात केली, कारण मला जे सांगायचे आहे ते इथेच नीट दिसते : आधी प्रश्न निवडा, मग लॅब, आणि देश सगळ्यात शेवटी. आपल्याकडची मुले बहुधा हा क्रम उलटा लावतात.

टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधकांनी पित्ताशयाच्या कर्करोगाच्या भारतीय रुग्णांचा जनुकीय अभ्यास केला. तो २०१७ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. रुग्ण आणि निरोगी माणसे यांचा संपूर्ण जनुकसंच चाळल्यावर फरक दिसला तो एबीसीबी१ आणि एबीसीबी४ या जनुकांच्या परिसरात. यातले एबीसीबी४ यकृतातून पित्तामध्ये फॉस्फोलिपिड सोडणारा पंप बनवते. हे फॉस्फोलिपिड पित्तक्षारांची धार बोथट करतात. ते कमी पडले तर खडे होण्याची आणि पित्तमार्गाच्या अस्तराला इजा होण्याची शक्यता वाढते. आता पुढचे काय? या जनुकातला छोटासा फरक आणि पन्नाशीतल्या बाईच्या पित्ताशयात झालेली गाठ, या दोन टोकांमध्ये नेमके काय काय घडते? असा अभ्यास ‘कुठे बघायचे’ ते सांगतो, ‘कसे घडते’ ते सांगत नाही. ते शोधायला कोणीतरी तीन-चार वर्षे त्या एकाच प्रश्नाशी बसावे लागते. विद्यार्थ्याकडे तेवढी तयारी नसते आणि प्राध्यापकाकडे तेवढा वेळ नसतो. ही जागा पोस्टडॉकची.

असे प्रश्न आपल्या देशात आणखीही आहेत. जठराच्या कर्करोगाचे प्रमाण मिझोराममध्ये देशात सर्वांत जास्त आहे, अन्ननलिकेच्या कर्करोगात मेघालय पुढे आहे. मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग आपल्याकडे तुलनेने कमी, पण जगभर २०२० साली त्याचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण नोंदले गेले आणि ९ लाखांहून अधिक माणसे त्याने दगावली. स्वादुपिंडाचे तर विचारूच नये. अमेरिकेतसुद्धा निदानानंतर पाच वर्षे जगणारे शंभरात तेराच्या आसपास. नव्वद टक्क्यांहून अधिक गाठींत केरास जनुकात बिघाड असतो हे माहीत असूनही ही परिस्थिती आहे. पैसा आणि जागा सध्या या दोन आजारांत सर्वाधिक आहेत. मोठ्या आतड्यावर काम करायचे म्हटले तर जगात लॅबची वाण नाही.

पोस्टडॉक एखाद्या क्षेत्राचे काय करू शकतो, याचे उदाहरण याच आतड्यातले आहे. तोशिरो सातो हे जपानमधले पोटविकारतज्ज्ञ डॉक्टर. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट शहरात, हुब्रेख्ट इन्स्टिट्यूटमध्ये, हान्स क्लेव्हर्स यांच्या लॅबमध्ये ते पोस्टडॉक म्हणून गेले. त्या लॅबने २००७ साली आतड्यातल्या मूळपेशींची खूण, एलजीआर५, शोधून काढली होती. पण आतड्याचे अस्तर शरीराबाहेर टिकत नसे. सातोंनी त्या एका मूळपेशीला काय काय लागते ते एकेक करून जुळवले आणि २००९ साली एकाच पेशीपासून आतड्याचे छोटे प्रतिरूप वाढवून दाखवले. त्यालाच आज ऑर्गनॉइड म्हणतात. आता रुग्णाच्या गाठीपासून ऑर्गनॉइड वाढवून त्यावर औषधे तपासणे जगभरच्या लॅबमध्ये चालते. सातो जपानला परत गेले आणि केओ विद्यापीठात स्वतःची लॅब उभी केली. त्यांचे डॉक्टर असणे इथे महत्त्वाचे आहे. आपल्याकडे एम.डी., एम.एस. झालेल्यांना पोस्टडॉक हा आपला रस्ताच वाटत नाही. तो त्यांचाही आहे, आणि या क्षेत्रात तर त्यांची फार गरज आहे.

हे काम रोज कसे चालते ते सांगतो, म्हणजे लॅब निवडताना काय विचारायचे ते कळेल. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ आधी पॅथॉलॉजिस्टकडे जाते. निदानाला लागणारा भाग ते ठेवून घेतात. उरलेला शेंगदाण्याएवढा तुकडा प्रतिजैविके घातलेल्या थंडगार द्रावणात, बर्फाच्या डब्यातून लॅबमध्ये येतो. पचनमार्गातला तुकडा म्हणजे जंतू ठासून भरलेले. धुण्यात हयगय केली की तिसऱ्या दिवशी सगळी प्लेट गढूळ. मग तो ब्लेडने बारीक चिरायचा, एन्झाइम घालून पेशी सुट्या करायच्या, गाळायच्या आणि मॅट्रिजेलमध्ये मिसळायच्या. मॅट्रिजेल खोबरेल तेलाच्या अगदी उलट वागते : थंडीत पातळ, उबेत घट्ट. म्हणून हे सारे बर्फावर, भराभर. थेंब प्लेटमध्ये सोडला की ३७ अंशांना तो घुमटासारखा बसतो. त्यावर वाढीची द्रव्ये घातलेले माध्यम ओतायचे आणि वाट बघायची. तुकडा संध्याकाळी सात वाजता आला तर काम तेव्हाच करावे लागते. तो उद्यापर्यंत थांबत नाही.

म्हणून लॅबप्रमुखाला पगाराच्या आधी हे विचारा : ऑपरेशन थिएटर लॅबपासून किती लांब आहे? एथिक्स कमिटीची परवानगी मिळालेली आहे की अजून यायची आहे? रुग्णाची संमती कोण घेते? तुकडा निघाला की लॅबला फोन कोण करते? या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर नाव कितीही मोठे असो, तुमचे पहिले दीड वर्ष कागदपत्रांत जाईल. रुग्णालय आणि लॅब एकाच संस्थेत असणे हे या क्षेत्रातले मोठे भांडवल आहे. टाटा मेमोरियलचे परळचे रुग्णालय आणि खारघरचे संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक यांच्यामुळे ते आपल्याकडे आहे. पेशींच्या मूलभूत कामासाठी पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, तिथे पेशींचे भांडारही आहे.

बाहेर जाऊन काय आणायचे, याचा धडा आपल्याला फार पूर्वी मिळालेला आहे. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी वसंत खानोलकरांच्या हाताखाली १९४९ साली पीएच.डी. केली. पुढे बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे त्या पोस्टडॉक म्हणून गेल्या. गाय म्हणजे ज्यांच्या लॅबमध्ये हेला पेशी वाढल्या ते. ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकून त्या परतल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी त्याची लॅब उभारली. देशातली ती पहिली. त्यांचा प्रश्न स्तनाच्या कर्करोगाचा होता आणि त्याच्यासाठी कोणते तंत्र कमी पडते आहे, हे त्यांना ठाऊक होते. त्या सेंटरचाच पुढचा अवतार म्हणजे अ‍ॅक्ट्रेक.

आता पैशांचे. देशात राहायचे तर एएनआरएफची, म्हणजे पूर्वीच्या एसईआरबीची, राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहे. ती दोन वर्षांची असते. तिची वयोमर्यादा ३५ असून महिला आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत मिळते. एम.डी., एम.एस. चालते. प्रबंध सादर करून पदवीची वाट बघणाऱ्यांनाही अर्ज करता येतो. प्रकल्पातली रिसर्च असोसिएटची जागा मिळाली तर २०२३ च्या सुधारित दरांनुसार सुरुवात दरमहा ५८ हजार रुपये आणि घरभाडे भत्ता. इंडिया अलायन्सची फेलोशिप मात्र वेगळ्या जातीची आहे. तिथे प्रश्न तुमचा, पैसा तुमच्या नावावर आणि मुदत मोठी. निवड कठीण, पण पित्ताशयासारख्या प्रश्नाला सर्वांत योग्य वाट मला हीच वाटते.

युरोपसाठी मारी क्युरी फेलोशिप. तिला राष्ट्रीयत्वाची अट नाही. ज्या देशात जायचे तिथे आधीच्या तीन वर्षांत बारा महिन्यांहून अधिक राहिलेले असू नये, एवढे पाहा. अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू आहे, पण ती घेतली की परतून दोन वर्षे मायदेशी राहणे आले. एनआयएचची एफ३२ फेलोशिप तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळते, तिच्यामागे लागू नका. के९९ मात्र परदेशी पोस्टडॉकनाही खुली आहे, पोस्टडॉकची चार वर्षे उलटायच्या आत अर्ज केला तर. आणि परत यायचे ठरले की जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी फेलोशिप आहे.

शेवटी ईमेल. ‘आपल्या नामांकित प्रयोगशाळेत काम करण्याची माझी तीव्र इच्छा आहे’ अशी पत्रे लॅबप्रमुख उघडून लगेच मिटतात. त्याऐवजी चार वाक्ये पुरेत. तुमच्या अमुक पेपरमध्ये पित्तनलिकेचे ऑर्गनॉइड वाढवले आहेत. एबीसीबी४ मधला भारतीय रुग्णांत दिसलेला बदल त्यांत घालून पित्तक्षारांचा परिणाम मला बघायचा आहे. जनुकसंपादन मी पीएच.डी.त केले आहे, ऑर्गनॉइड शिकायचे आहेत. फेलोशिपचा अर्ज मी स्वतः लिहीन, आपण मार्गदर्शक व्हाल का? दोन आठवड्यांत उत्तर नाही आले तर एकदा आठवण करा, आणि त्याच वेळी दुसऱ्या लॅबला लिहा. अर्जाच्या मुदतीआधी किमान सहा महिने हे सुरू व्हायला हवे, कारण चांगला प्रस्ताव लिहायलाच तीन महिने जातात.

पुढच्या आठवड्यात : शिफारसपत्रे कोणाकडून घ्यायची आणि ऑनलाइन मुलाखतीत स्वतःचे काम पंधरा मिनिटांत कसे मांडायचे.