जहाज एकाचे, बिल दुसऱ्याचे

कंटेनर वाहतुकीत माल पाठवणारा व्यापारी आणि जहाज चालवणारी शिपिंग लाइन यांच्यामध्ये बहुधा आणखी कोणीतरी उभा असतो. जहाजावर जागा मिळवून देतो तो फ्रेट फॉरवर्डर. स्वतःचे जहाज नसतानाही स्वतःच्या नावाने माल पोचवण्याची हमी घेतो तो एनव्हीओसीसी. कस्टम्समधून माल सोडवणारा सीएचए या दोघांहून निराळा. एकच कंपनी तिन्ही कामे करते असे न्हावा शेवा बंदरात सर्रास दिसते, पण प्रत्येक कामाची जबाबदारी वेगळी आहे.

फॉरवर्डर म्हणजे निव्वळ दलाल, त्याला वगळले की भाडे उतरते, हा सर्वांत पक्का गैरसमज. शिपिंग लाइनचा व्यवहार घाऊक असतो. वर्षभरात अमुक इतके कंटेनर देण्याचे बंधन घेतले तर तमुक दर, असा करार होतो. महिन्याला दोन कंटेनर पाठवणाऱ्याला तो दर मिळत नाही. शेकडो लहान निर्यातदारांचा माल एकत्र करणाऱ्या फॉरवर्डरला मिळतो. कंटेनर भरण्याइतका मालच नसेल तर थेट जाण्याची सोय जवळपास उरत नाही. वीस फुटी कंटेनरच्या आत सुमारे ३३ घनमीटर जागा असते. सोलापूरच्या टॉवेल उत्पादकाकडे सहाच घनमीटर माल असेल, तर तो सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर भरण्याच्या गोदामात, दुसऱ्यांच्या मालासोबत एका कंटेनरमध्ये भरला जातो. भाडे घनमीटर किंवा टन यांपैकी जे जास्त भरेल त्यावर लागते आणि कंटेनर जितका गच्च भरेल तितका एकत्र करणाऱ्याचा नफा. यात खोटही आहे. इथला दर नाममात्र सांगून उरलेली वसुली पलीकडच्या बंदरात खरेदीदाराकडून करण्याची रीत या धंद्यात जुनी आहे. दर संशय यावा इतका स्वस्त दिसला, तर पलीकडचे चार्जेस आधी लेखी मागवावेत.

दुसरा गैरसमज कागदाचा, आणि तो सर्वांत महाग पडतो. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल ताब्यात घेतल्याचा वाहतूकदाराचा कागद, कोणाचेही असले तरी एकच, असे मानले जाते. वरच्या टॉवेलांचा माल हॅम्बुर्गला निघाला, तर उत्पादकाच्या हाती पडते ते एनव्हीओसीसीचे हाऊस बिल. त्यावर माल पाठवणारा सोलापूरचा उत्पादक आणि घेणारा जर्मन खरेदीदार. त्याच कंटेनरसाठी शिपिंग लाइन मास्टर बिल काढते. त्यावर पाठवणारा एनव्हीओसीसी आणि घेणारा त्याचाच हॅम्बुर्गमधला प्रतिनिधी. उत्पादकाचे नावही नाही. जहाज लागल्यावर खरेदीदार मूळ हाऊस बिल त्या प्रतिनिधीला देतो, प्रतिनिधी मास्टर बिलावर लाइनकडून कंटेनर सोडवतो आणि मग गोदामात माल वाटला जातो.

माल भिजला किंवा गहाळ झाला, तर उत्पादकाचा करार एनव्हीओसीसीशी असतो. भरपाई त्याच्याकडे मागायची. तो पुढे लाइनकडे मागतो. एनव्हीओसीसीने लाइनचे भाडे थकवले, तर लाइन आपल्या बिलातील अटींवर बोट ठेवून कंटेनर अडवते आणि आपला हिस्सा पूर्ण चुकता केलेल्या उत्पादकाचा मालही त्यात अडकतो. उलट बाजूने लाइनच बुडाली, तरी माल अडकतोच. ३१ ऑगस्ट २०१६ रोजी दक्षिण कोरियाच्या हानजिन शिपिंग या लाइनने दिवाळखोरीपासून संरक्षणासाठी न्यायालयाकडे धाव घेतली. जप्तीच्या भीतीने तिची जहाजे बंदराबाहेर थांबून राहिली. जहाज बुडीत कंपनीचे होते, पण हाऊस बिल देणारे आपल्या ग्राहकांना बांधीलच राहिले. अशा प्रसंगी मधल्याची ऐपत कळते.

हाऊस बिल बँक स्वीकारत नाही, हीसुद्धा ऐकीव गोष्ट आहे. लेटर ऑफ क्रेडिटसाठी (बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीसाठी) १ जुलै २००७ पासून लागू असलेले यूसीपी ६०० नियम बिल काढणाऱ्याने जहाजमालकच असावे अशी अट घालत नाहीत. बिलावर वाहतूकदाराचे नाव आणि त्या नात्याने केलेली सही हवी. मात्र लेटर ऑफ क्रेडिटमध्येच फॉरवर्डरच्या बिलाला मनाई असेल, तर इलाज नाही. भारतात १९९३ च्या मल्टिमोडल वाहतूक कायद्याने, एकाहून अधिक साधनांनी माल पोचवण्याची हमी घेणाऱ्यांच्या व्यवसायाला नोंदणीची चौकट दिली. नोंदणी नौवहन महासंचालनालय करते.

बुकिंग कन्फर्म झाले म्हणजे जागा पक्की, असेही नव्हे. काही फॉरवर्डर एकच माल दोन लाइनींवर बुक करून ठेवतात आणि ऐन वेळी एक सोडून देतात. म्हणून लाइनी क्षमतेपेक्षा जास्त बुकिंग घेतात, आणि सगळाच माल आला की काही कंटेनर पुढच्या जहाजावर 'रोल' होतात. अविश्वासाची ही साखळी दोघांनी मिळून घडवलेली आहे. २०२१ मध्ये कराराचा दर हातात असूनही जागा मिळेना, अशी तक्रार जगभर होती. अमेरिकेने जून २०२२ च्या कायद्यात लाइनींनी अवाजवी कारणाने जागा नाकारण्याला मज्जाव केला.

लाइनींच्या आघाड्या दर ठरवतात, या समजुतीला इतिहासाचा आधार आहे. १८७५ मध्ये ब्रिटन–कलकत्ता मार्गावर झालेली 'कॉन्फरन्स', म्हणजे लाइनींची युती, दर ठरवण्यासाठीच होती. युरोपीय महासंघाने ऑक्टोबर २००८ मध्ये अशा कॉन्फरन्सना स्पर्धा कायद्यातून असलेली सूट संपवली. आजच्या आघाड्या जहाजे वाटून घेतात. प्रत्येक लाइन आपली जागा आपल्या दराने विकते. फेब्रुवारी २०२५ पासून मर्स्क आणि हापाग-लॉइड 'जेमिनी' या आघाडीत एकत्र आहेत. जोखीम विभागण्यासाठी कोणी अर्धा माल एकीला आणि अर्धा दुसरीला दिला, तरी दोन्ही कंटेनर एकाच जहाजावर चढू शकतात. या आघाड्यांना युरोपात मिळणारी स्पर्धा कायद्यातील खास सूट फॉरवर्डरांच्या संघटनांना खुपत होती. २५ एप्रिल २०२४ रोजी ती संपली. आघाड्या त्यामुळे बेकायदा ठरल्या नाहीत, फक्त त्यांना सर्वसाधारण नियम लागू झाले.

लाइनी आता फॉरवर्डरांना गिळणार, हे भाकीत अर्धेच खरे. सीएमए सीजीएमने २०१९ मध्ये सेवा लॉजिस्टिक्स आणि २०२४ मध्ये बोलोरे लॉजिस्टिक्स घेतली. मर्स्कने डॅम्को हा आपला फॉरवर्डिंग ब्रँड मोडून ते काम स्वतःच्या नावाखाली आणले. पण फॉरवर्डरही वाढत आहेत. डेन्मार्कच्या डीएसव्हीने २०२५ मध्ये जर्मनीची शेंकर विकत घेतली. आणि जगातल्या अग्रगण्य सागरी फॉरवर्डरांपैकी एक असलेल्या क्यूने-नागेलचे बहुसंख्य भाग ज्या क्लाउस-मिखाएल क्यूने यांच्याकडे आहेत, त्यांच्याच समूहाकडे हापाग-लॉइड या शिपिंग लाइनचा ३० टक्के हिस्सा आहे.