आधी रुग्णाच्या जागी बसा

“तुम्हाला टीबी आहे,” हे कसे सांगावे याचाही सराव लागतो. वरळी कोळीवाड्याच्या चिंचोळ्या गल्लीत दारात मोठ्याने बोललेले शेजारी ऐकतात. मग लाजेने रुग्ण दवाखाना टाळतो आणि ६ महिन्यांचे औषध मध्येच सुटते.

म्हणून आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणात आम्ही असे प्रसंग वठवून घेतो. एक सेविका, एक रुग्ण, तिसरी फक्त पाहणारी. ५ मिनिटांनी आधी ‘रुग्ण’ बोलते: काय कळले, कोणता शब्द लागला. मग भूमिका बदलतात. रुग्णाच्या जागी बसल्यावरच आपले बोलणे कसे लागते ते कळते.

२०१९पासून एमबीबीएसलाही संवादकौशल्य सक्तीचे आहे. अभिनयाचे बळ तर भीमराव कर्डकांच्या जलशांनी आपल्याला केव्हाच दाखवले. महिला मंडळांनीही हा सराव करावा. औषध सोडलेल्या शेजारणीकडे जाण्याआधी एकदा तिची भूमिका करून पाहावी.