पेशीतला हिशेबनीस

एटीपी म्हणजे पेशीची रोजच्या खर्चाची रोकड. ती संपत आली की एएमपी हा रेणू साचू लागतो, आणि ही चणचण ओळखणारं विकर म्हणजे एएमपीके. मग चरबी, कोलेस्टेरॉल तयार करण्याची खर्चिक कामं थांबतात. ग्लुकोज आणि चरबी जाळण्याला वेग येतो.

विकराचे घटक तीन. अल्फा प्रत्यक्ष काम करतो, बीटा तिघांना बांधून ठेवतो, एएमपी बसतो तो गॅमावर. तो बसला की अल्फावरच्या १७२व्या जागच्या थ्रिओनिन या अमिनो आम्लावरचा फॉस्फेट सहजी निघत नाही आणि विकर जागं राहतं. माणसात यासाठी ७ जनुकं आहेत: अल्फाची २, बीटाची २, गॅमाची ३. म्हणजे १२ प्रकारची त्रिकुटं शक्य!

गॅमाची कथा मात्र डुकरांनी सांगितली. हॅम्पशायर जातीच्या काही डुकरांचं मांस शिजवताना फार आटायचं. २००० साली कारण सापडलं: गॅमाच्या तीनपैकी पीआरकेएजी३ या जनुकात एक बदल, त्यामुळे प्रथिनात २००व्या जागी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन, आणि स्नायूंत सुमारे ७० टक्के जास्त ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजचा साठा. माणसात याच्या भावंडात, पीआरकेएजी२मध्ये, असा बिघाड झाला तर ग्लायकोजेन हृदयात साचतं. हृदयाची भिंत जाड होते, ठोक्यांची लय बिघडते.