वकिलातीच्या खिडकीपर्यंत

‘मामाने अमेरिकेहून आमचे कागद केले आहेत’ हे वाक्य आपल्याकडच्या काही घरांतून अधूनमधून ऐकू येते. हे कागद म्हणजे नेमके काय, आणि शेवटी साऱ्या कुटुंबाला मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत जातीने का उभे राहावे लागते, याची माहिती मात्र थोड्यांनाच असते. पर्यटकाचा किंवा विद्यार्थ्याचा व्हिसा वेगळा आणि कायम वास्तव्याचा वेगळा. या लेखात विचार करावयाचा आहे तो दुसऱ्याचा. कारण त्याच्या एका नियमाचा महाविद्यालयीन वयाशी अगदी जवळचा संबंध आहे.

परदेशातील वकिलातीतूनच व्हिसा घेऊन मग जहाजावर चढावे, ही पद्धत अमेरिकेने १९२४ च्या कायद्याने पक्की केली. त्याच कायद्याने आशियाई लोकांना दरवाजा जवळजवळ बंद केला. १९४६ साली भारतीयांसाठी वर्षाला अवघ्या १०० जागा ठेवण्यात आल्या. खरा बदल झाला तो १९६५ च्या कायद्याने. वंश व जन्मदेश यांवर आधारलेली जुनी वाटणी त्याने मोडली आणि नातेसंबंध व कौशल्य या दोन गोष्टींना महत्त्व दिले. अर्जदाराने वकिलातीतील अधिकाऱ्यासमोर शपथ घेऊन सही करावी, ही अट १९५२ च्या कायद्यातील आहे. प्रत्यक्ष हजर राहण्यामागचे मूळ कारण हेच. टपालाने कागद जातील, पण शपथ टपालाने कशी जाणार? चौदा वर्षांखालील मुलांना मात्र अधिकारी हजेरी माफ करू शकतो.

आता रांगेचा प्रश्न पाहू. अमेरिकन नागरिकाचा पती वा पत्नी, एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले आणि आईवडील यांच्यासाठी संख्येची मर्यादा नाही. भावंडांसाठी ती आहे. साऱ्या जगातील भावंडांना आणि त्यांच्या बायकामुलांना मिळून वर्षाला ६५,००० व्हिसा. शिवाय संख्येची मर्यादा असलेल्या व्हिसांपैकी साधारणपणे सात टक्क्यांहून अधिक एका देशाच्या वाट्याला जात नाहीत. देश लहान असो की भारतासारखा अफाट, टक्का तोच. त्यामुळे भारतातील भावंडांची प्रतीक्षा आता पंधरा वर्षांच्याही पलीकडे गेली आहे. नागरिकाने अर्ज दाखल केला ती तारीख म्हणजे त्या कुटुंबाचा रांगेतील क्रमांक. कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली, हे अमेरिकेचे परराष्ट्र खाते दरमहा प्रसिद्ध करते.

येथेच खरी मेख आहे. मामाने अर्ज केला तेव्हा भाचा पाळण्यात असतो. पाळी येते तेव्हा तो बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला बसलेला असतो. आईवडिलांबरोबर जाण्यासाठी मूल अविवाहित आणि एकवीस वर्षांखालील असावे लागते. २००२ च्या एका कायद्याने यात थोडी सवलत दिली. मूळ अर्ज मंजूर होण्यास सरकारला जितके दिवस लागले, तितके दिवस मुलाच्या वयातून वजा करतात. उदाहरणार्थ, पाळी आली तेव्हा मुलगी साडेतेवीस वर्षांची आहे आणि अर्ज मंजूर होण्यास तीन वर्षे लागली होती, तर तिचे वय साडेवीस धरले जाईल. मात्र पाळी आल्यापासून एका वर्षाच्या आत व्हिसासाठी पाऊल उचलले पाहिजे, आणि तोवर तिचे लग्न झालेले नसावे. या हिशेबात जे बसत नाही ते मूल मागे राहते. आईवडील तिकडे कायम रहिवासी झाल्यावर त्याच्यासाठी नवा अर्ज करू शकतात. पण त्याला पुन्हा काही वर्षे वाट पाहणे आलेच. तेव्हा घरात अशी फाइल असेल तर अर्जाची आणि मंजुरीची, अशा दोन्ही तारखा विद्यार्थ्यांनी स्वतः पाहून ठेवाव्यात.

दुसरी अडचण दाखल्यांची. आपल्या सीमाभागात एकाच माणसाचा जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत आणि पासपोर्ट इंग्रजीत असतो. एका ठिकाणी वडिलांचे नाव आहे, दुसरीकडे नाही. आईचे माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर. मागच्या पिढीत तर शाळेत घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लावून टाकलेली असे. जन्माची नोंदच नसेल तर नगरपालिकेकडून वा ग्रामपंचायतीकडून ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला घ्यावा, आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला व जवळच्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे जोडावीत. इंग्रजीत नसलेल्या कागदांसोबत प्रमाणित भाषांतर ठेवावे. एखादा दलाल ‘तारीख बसवून देतो’ म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. तफावत समजावून सांगता येते. पण महत्त्वाच्या बाबतीत खोटे सांगितल्याचे सिद्ध झाले, तर तो माणूस अमेरिकेत प्रवेशास कायमचा अपात्र ठरू शकतो.

मुलाखतीपूर्वी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी लागते. पंधरा वर्षे व त्यावरील अर्जदारांच्या छातीचा क्ष-किरण फोटो क्षयासाठी काढतात, लसीही पाहतात. सोळा वर्षे व त्यावरील प्रत्येकाला पोलिसांचा दाखला लागतो. तिकडच्या नातेवाइकाने पोसण्याची हमी कायदेशीर करारावर लिहून द्यावयाची असते.

मुंबईची ही वकिलात २०११ साली ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसमधून वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. काचेच्या खिडकीपलीकडे अधिकारी असतो. उजवा हात वर करून शपथ घ्यायची, सही करायची आणि प्रश्नांना सरळ उत्तरे द्यायची. भाऊ कधी गेला, तो काय करतो, घरात कोण कोण आहे, असे साधेच प्रश्न असतात. पाठ केलेल्या उत्तरांपेक्षा आपल्याच फाइलीतील तारखा ठाऊक असणे अधिक उपयोगी. एखादा कागद कमी पडला तर तसे लेखी कळवतात. तो एका वर्षाच्या आत द्यावा लागतो. नकाराविरुद्ध अमेरिकन न्यायालयात दाद मिळणे फार कठीण असते. २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले.

होकार मिळाला की पासपोर्टात व्हिसा लागतो. आपण त्याला ‘शिक्का’ म्हणतो, पण प्रत्यक्षात तो चिकटवलेला छापील कागद असतो आणि त्याची मुदत सहसा सहा महिन्यांपर्यंतच असते. त्याने प्रवेशाची हमी मिळते असेही नाही. अमेरिकेच्या विमानतळावरील अधिकारी पुन्हा तपासतो आणि त्यावर प्रवेशाची नोंद करतो. त्या नोंदीनंतर तोच कागद एक वर्ष कायम वास्तव्याचा पुरावा ठरतो. पुढे ग्रीन कार्ड घरी येते.

जावे की न जावे, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. परंतु मागच्या पिढीने सुरू केलेली ही फाइल ज्यांच्या वयावर येऊन अडते, ते आज वर्गात बसलेले आहेत. तिच्यातले कागद वडिलांच्या कपाटातून काढून एकदा तरी वाचावेत. खिडकीपाशी जी काही मिनिटे मिळतात, त्यांची तयारी घरी बसून, पुष्कळ आधी करावी लागते.