सुया मोजा, पाइन ओळखा

उटी-कोडाईकॅनॉलला गेलं की पाइनच्या झाडांत फोटो काढायची आपल्याला भारी हौस. पण ही झाडं मूळची तिथली नाहीत. दक्षिण भारतातला स्वतःचा असा एकही पाइन नाही. तिथल्या माळांवर पसरलेला मुख्य पाइन मेक्सिकोचा. त्याचं नाव पायनस पॅट्युला. तो ओळखायचा कसा, ते आज पाहू.

आधी झाड पाइनच आहे ना, हे बघा. आपल्या कोकण किनाऱ्यावरचा सुरूही लांबून तसाच दिसतो. सुरूची सुई ओढा, ती पेरावर सुटते. कारण ते पान नाही, बारीक हिरवी डहाळी आहे. पाइनच्या सुईला पेरं नसतात.

मग सुया मोजा. त्या जुडीने येतात, बुडाशी बांधल्यासारख्या. पॅट्युलाच्या जुडीत बहुधा तीन सुया. पण हिमालयातल्या चीडच्या जुडीतही तीनच! मग फरक कसा करायचा? पॅट्युलाच्या सुया नाजूक, वीतभर लांब आणि मोकळ्या केसांसारख्या खाली लोंबणाऱ्या. खोडाच्या वरच्या भागाची साल तांबूस, पापुद्रे सुटणारी. शंकू बोटाएवढे, किंचित वाकडे, घोसाने फांदीला घट्ट चिकटलेले. चीडचा शंकू चांगला मोठा आणि जड.

आता लावलेलं झाड कोणतं आणि आपोआप उगवलेलं कोणतं? ओळीत, एका उंचीची असतील तर लावलेली. गवतात इथे एक, तिथे दोन, लहानमोठी मिसळून असतील तर वाऱ्याने आलेल्या बियांची. बी हलकं, पंख असलेलं असतं.

हे ओळखायचं कशासाठी? पाइन दाटला की सावलीत आणि सुयांच्या थराखाली गवत मरतं. ते गवत नीलगिरी ताहरचा चारा आहे. तोडा लोकांची मंदिरंही तिथल्याच गवताने शाकारतात. डोंगरावर पडलेलं पावसाचं पाणी धरून ओढ्यांना पुरवणारीही हीच गवताळ जमीन.

आणि एक सांगते. शोभेसाठी शंकू घरी आणायची आपल्याला सवय. पॅट्युलाचा मिटलेला शंकू वर्षानुवर्षं बी जपून ठेवतो आणि ऊब मिळाली की उघडतो. तेव्हा महाबळेश्वर-पाचगणीसारख्या थंड गावी राहणाऱ्या मैत्रिणींनी तर तो परसात टाकूच नये. फोटो मात्र हवे तेवढे आणा!